रिबूचा दोर आणि म्हशीची मान

रिबूची गाडी सगळ्यांत शेवटी निघायची. आमच्या पा तेराप गावाहून मिरी शहराला जाणारे बाकीचे ड्रायव्हर सामान चढवून, माणसं कोंबून, हॉर्न वाजवत केव्हाच डोंगराआड गेलेले असायचे आणि रिबू चर्चपुढच्या उतारावर गाडीच्या नाकाशी उकिडवा बसलेला असायचा. पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे मोटरवर फिरणारा लोखंडी रहाट. त्याच्या रिळावरचे शेवटचे काही वेढे सोडून सगळा तारेचा दोर त्याने बाहेर काढलेला असायचा. आकडा वरच्या झाडाला, गाडी न्यूट्रलमध्ये. मग कुणालातरी आत बसवून ब्रेकवर हलका पाय ठेवायला सांगायचा आणि विंच सुरू करायचा. गाडी स्वतःच स्वतःला ओढत उतार चढायची आणि तिच्या वजनाच्या ताणाखाली दोर रिळावर बसत जायचा, वेढ्याला वेढा चिकटून, एक थर भरला की त्यावर दुसरा. एखादा वेढा कलला की रिबू विंच थांबवायचा, काठीने वेढा जागेवर सरकवायचा, पुन्हा सुरू. सगळं झालं की रिळावर अंगठा दाबून बघायचा. अंगठा रुतला तर पहिल्यापासून.

येणारे-जाणारे टोमणे मारायचे. "काय रिबू, वेणी घालून झाली का गाडीची?"

"तुझ्या बायकोची वेणी सुटली तर केस विस्कटतील," तो मान वर न करता म्हणायचा. "ही सुटली तर पाय जातो."

रिबू म्हणजे हजार. नाव हजाराचं आणि बोलणं एका शब्दाचं, असं त्याची बायको मुजान म्हणते. हे नाव त्याला मुलगा झाल्यावर मिळालं. त्याआधी तो आगान होता, आणि आगान असताना खाली नदीकाठच्या लाकूडतोडीच्या छावणीत ट्रॅक्टरच्या विंचवर कामाला होता. तोडलेल्या ओंडक्याला तार बांधायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. त्याच्याबरोबर तागुंग नावाचा आमच्याच लांबघरातला, म्हणजे गावाच्या एकाच लांब छपराखाली राहणारा, मुलगा होता. एके दिवशी घाई होती म्हणून तार हातानेच भराभर गुंडाळली गेली होती. ओंडक्याचा भार आला तेव्हा वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांमध्ये घुसला, मग झटक्याने सुटला, आणि जमिनीवर पडलेल्या तारेच्या फासात तागुंगचा पाय होता. तागुंग अजून आहे. लांबघराच्या ओट्यावर बसून टोपल्या विणतो आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढतो. त्याला पाठीवर घेऊन रिबू नदीपर्यंत चालत आला होता. त्यानंतर छावणीत परत गेला नाही.

त्याला शेती करायची होती. दोन म्हशी, पाण्याखालचे चार वाफे, संध्याकाळी घरी. पण लाकूडवाल्यांचा रस्ता आमच्या डोंगरापर्यंत येऊन थांबला, कंपनी निघून गेली, रस्ता राहिला. गाडी आणि तार या दोन्हींची ओळख असलेला माणूस गावात एकच होता. कुणाची सासू आजारी, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचा गॅस संपलेला. हा भात कापला की गाडी विकतो, असं तो म्हणायचा. मुजान म्हणायची, "कुठला भात ते मात्र सांगत नाही."

गंमत म्हणजे त्याला गाडीत बसायलाच आवडायचं नाही. काच वर केलेली गाडी म्हणजे माणसं भरलेली पेटी, असं म्हणायचा. पाऊस असो, धूळ असो, त्याच्या बाजूची काच खालीच. त्याचा उजवा खांदा बारा महिने ओला किंवा लाल. आणि ज्या रस्त्याचा त्याला कंटाळा होता त्या रस्त्यावरून त्याने अर्धं आयुष्य ये-जा केली.

माझी मुलगी सुपांग त्याच्या मुलाला, लियानला, दिली, तेव्हा मला एका गोष्टीचं बरं वाटलं होतं. मुलगी मिरीला राहणार, पण येता-जाता रिबूच्या गाडीतून येणार. मी शाळेत शिकवते, मुलं सहलीला गेली तरी ती परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. रिबू मला, म्हणजे सुपांगच्या आईला, सिना सुपांग म्हणायचा आणि हसायचा. "सिना सुपांग, तुम्ही काळजी करायचा पगार घेता का वेगळा?" मी म्हणायचे, "तुम्ही दोर गुंडाळायचा घेता तेवढाच."

मग सुपांगला मुलगी झाली. आमच्यात पहिलं नातवंड आलं की आईबापांची नावं बदलतात आणि आजी-आजोबांचीही बदलतात. एकाच जेवणात, सगळ्या लांबघरासमोर. त्या जेवणानंतर गाडीची किल्ली खिळ्याला टांगणार, असं रिबूने जाहीर केलं. पुतण्या गाडी चालवेल, तेपू, म्हणजे आजोबा, आता वाफ्यात उतरेल. मुजानने खिळासुद्धा ठोकून ठेवला.

तेव्हा ती त्याची शेवटची फेरी होती. मिरीहून लियानला, सुपांगला, बाळाला आणि बाळंतपणासाठी गेलेल्या मला घेऊन यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी लियानने आमच्या सगळ्यांसमोर गाडी आणली. लियान बापासारखा नाही. उंच, पोट सुटलेला, ऑफिसात बसणारा, आणि बापाने एकदा तरी 'छान' म्हणावं म्हणून लहानपणापासून धडपडणारा. त्याने वर्कशॉपमध्ये गाडी नेऊन विंचवरची जुनी तार उतरवली होती आणि नव्या प्रकारचा, धाग्यांचा दोर बसवून आणला होता. निळा, चकचकीत. रिळावर आडवी एक लाल चिंधी बांधलेली. नावाच्या जेवणाची भेट अशी चिंधी बांधून देतात. ती ज्याची भेट त्याने जेवणाच्या दिवशीच सोडायची. आधी सोडली तर नाव लागत नाही, असं आमच्या लांबघरातल्या म्हाताऱ्या सांगतात.

"तामा," तो बापाला म्हणाला, "तार आता कोण वापरतं? हा बघ, एका हाताने उचल. तुटला तरी चाबकासारखा फिरत नाही."

रिबू खाली बसला. दोर जिथून बाहेर येतो त्या तोंडावरून त्याने तळवा फिरवला. "हे बदललंस? जुन्या तारेने याला ओरखडे पाडले होते. त्यात हा दोर कापला असता."

"बदललं. सगळं नवं."

"अरे वा," रिबू म्हणाला. लियानचा चेहरा दिव्यासारखा झाला.

मग रिबूने चिंधीच्या शेजारी अंगठा दाबला. मी बाळाला खांद्यावर घेऊन तिथेच उभी होते, म्हणून मला दिसलं. अंगठा उशीत जावा तसा आत गेला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा त्याने तो काढून घेतला, चिंधीकडे पाहिलं, लियानकडे पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला.

सकाळी निघताना त्याने जुन्या तारेचं वेटोळं आणून मागच्या सीटपुढे, बरोबर माझ्या पायाखाली टाकलं.

"तामा, ते भंगारात दे ना," लियान म्हणाला.

"भंगारवाला पा तेरापला आला की देईन."

"अहो, मी पाय कुठे ठेवू?" मी म्हटलं.

"वर ठेवा. तुम्ही शिकलेल्या बाई, मांडी घालून बसा."

मी हळूच विचारलं, "दोराचं काही चुकलंय का?"

"दोर चांगला आहे." मग काच खाली करत म्हणाला, "आकाश बघा, लख्ख आहे. एका फेरीचा तर प्रश्न. चिंधी सुटली की बघू."

आकाश खरंच लख्ख होतं. पण वरच्या डोंगरात आधी दोन दिवस पाऊस कोसळून गेला होता, हे आम्हाला लाँग पुलाच्या चहावाल्याकडे कळलं. रिबूने चहा अर्धाच प्यायला. पानात गुंडाळलेला मऊ भात सुपांगने पुढे केला तर नको म्हणाला.

दुपार कलल्यावर म्हशीची मान लागली. ही आमच्या रस्त्यातली सगळ्यांत वाईट जागा. लांब चढ, उजवीकडे लाल मातीचा उभा कडा, डावीकडे खोल ओढा, मधे गाडीपुरता रस्ता. रिबूने खालचा गिअर टाकला आणि गाडी चढू लागली. बाळाला उचकी लागली होती, तिचा तेवढा आवाज.

मग उजवीकडून, एखादं मोठं जनावर झोपेतून उठून बसावं तसा आवाज आला, आणि कडा आमच्या अंगावर आला.

चिखल दारांवर आदळला, गाडी आडवी सरकली, सरकत राहिली, आणि थांबली. इंजिन चालूच होतं. माझ्या काचेबाहेर अर्ध्यापर्यंत लाल माती होती, अगदी काचेला गाल लावून बसलेली. रिबूच्या उघड्या खिडकीतून त्याच्या मांडीवर ढेकळं पडली होती. डावीकडे सुपांगच्या काचेतून रस्ता दिसत नव्हता. खालच्या झाडांचे शेंडे दिसत होते.

"कुणी हलू नका," रिबू म्हणाला. "श्वास घ्या. पण सावकाश."

मागचं डावं चाक हवेत होतं. पुढचं काठावर. उजवीकडची दारं मातीने बंद, डावीकडची उघडली तर ओढ्यात. फोनला तिथे कधीच रेंज नसते, आणि आमच्या मागून त्या दिवशी कुणी येणार नव्हतं.

"लियान, माझ्या पायावर पाय ठेव. ब्रेकवर. आता मी माझा काढतो. दाब. अजून दाब. हातब्रेकवर विसंबू नकोस. आता इकडे सरक, जड बूड घेऊन, आणि डाव्या बाजूला परत जाऊ नकोस."

बारीक, वाळलेला रिबू उघड्या खिडकीतून मातीच्या ढिगावर सापासारखा निघाला. त्याच्या जागी लियान कसाबसा बसला. गाडी त्या सरकण्याने डुलली आणि मागून काहीतरी खाली गेल्याचा आवाज आला. दगड असेल. बराच वेळ जात राहिला.

"तामा," सुपांग म्हणाली, तिचा आवाज अगदी शांत होता आणि म्हणूनच मला धडकी भरली, "मी बाळाला घेऊन सिनाच्या बाजूला सरकू का?"

"नाही," रिबू बाहेरून म्हणाला. "आधी दोर, मग माणसं. तू हललीस तर गाडी कुठे जाईल मला माहीत नाही. दोर लागला की सांगतो."

मी त्याचा राग केला. खरंच केला. माझी मुलगी हातभर अंतरावर दरीच्या बाजूला बसली होती आणि मी हात लांबवू शकत नव्हते. ती बाळाला पाजायला लागली. बाळ गप्प झालं. गाडीत डिझेलचा, ओल्या मातीचा आणि दुधाचा वास भरला.

पुढच्या काचेतून रिबू दिसत होता. बोनेटवर वाकून त्याने रिळावरची लाल चिंधी सोडली. गाठ चिखलाने घट्ट झाली होती, दाताने सोडावी लागली. त्याने काचेतून लियानकडे एकदा पाहिलं आणि चिंधी खिशात घातली. मग निळा दोर ओढत चढावर गेला. झाडाला बांधायचा रुंद पट्टा त्याच्या कमरेलाच होता. साल कापली जाऊ नये म्हणून तो कधीही नुसता दोर झाडाला लावत नाही. पट्टा बुंध्याला खाली, मुळांजवळ गुंडाळला, कडी लावली, आकडा अडकवला. परत येऊन म्हणाला, "सिना सुपांग, तुमचं जाकीट द्या."

"हे? नव्या नावासाठी शिवलंय ते."

"दोर तुटला तर जाकीट त्याला खाली पाडेल. नाहीतर तो काचेतून आत येईल."

मी जाकीट अंगातून कसं काढलं ते आठवत नाही. माझ्या खिडकीची काच अर्धीच खाली जायची, त्या फटीतून ते बाहेर दिलं. त्याने ते ताणायच्या दोरावर मधोमध टाकलं, बाजूला उभा राहिला आणि रिमोटची कळ दाबली.

दोर चिखलातून वर आला. पाणी उडालं. तो सरळ झाला, ताठ झाला, गाडी थरथरली आणि बोटभर, खरंच बोटभर, वर सरकली. सुपांगने डोळे मिटले. आणि रिळातून 'डब्ब' असा, दबका आवाज आला. दोर अचानक ढिला झाला, गाडी डावीकडे हातभर खचली आणि मग हिसका बसून लटकली.

त्या वेळी मी ओरडले की सुपांग, कुणास ठाऊक. बाळ मात्र नक्की रडलं.

रिबू रिळाजवळ जाऊन बसला. बराच वेळ बघत राहिला.

"काय झालं, तामा?" लियानने विचारलं.

"घुसला."

"मग सोड आणि पुन्हा—" लियान म्हणाला आणि थांबला. त्याच्या मानेवर घाम आला होता, मला मागून दिसत होता.

कारण सोडायचं काय? आता गाडी त्या दोरानेच धरली होती. पुढे ओढावं तर घुसलेला वेढा एका बाजूला ढीग करून विंचच जाम करणार. मागे सोडावं तर गाडी जाणार. लियानने ब्रेक सोडायचा नाही. सुपांगने हलायचं नाही. मी हलायचं नाही. बाळाला रडायचं एवढं सोडून आमच्यापैकी कुणालाही काहीही करता येत नव्हतं. माझ्या काचेला टेकलेली माती मधेच थोडी खाली घसरायची, मग थांबायची. मी तिच्याकडेच बघत बसले. तिच्यात एक गांडूळ होतं. ते आत जायची वाट शोधत होतं.

रिबू आम्हाला दिसेनासा झाला. मला वाटलं, गेला हा माणूस. मदत आणायला चालत गेला, आणि मदत म्हणजे दिवसभराची चाल. मग माझ्या खिडकीच्या फटीत त्याचा चिखलाने माखलेला चेहरा आला.

"सिना सुपांग," तो म्हणाला, "पायाखालचं भंगार द्या."

मी खाली वाकले. "हळू," तो म्हणाला. "कंबर हलवू नका, हातच फक्त." तार जड होती, ग्रीसने माखलेली, तिचे तुटके तंतू बोटात घुसत होते. एकेक वेटोळं उचलून मी त्या फटीतून बाहेर ढकलत होते आणि तो ओढून घेत होता. दिवसभर मी त्या वेटोळ्याला शिव्या दिल्या होत्या. ते संपू नये असं वाटत होतं.

त्याने तार गाडीच्या पुढच्या लोखंडी कड्यातून ओवली, दुहेरी करून दुसऱ्या झाडापर्यंत नेली, तिथे जुन्या टायरचा तुकडा मधे घालून बांधली. मग कोयत्याने मनगटाएवढी काठी तोडली, दोन्ही तारांच्या मधे घातली आणि पीळ द्यायला लागला. प्रत्येक पिळाबरोबर तार आखडत होती. कडं कुरकुरलं. शेवटी काठी फिरेना तेव्हा ती त्याने झाडालाच बांधून टाकली आणि तारेवर पाय देऊन उडी मारली. तार हलली नाही.

"आता माणसं," तो म्हणाला. "सगळ्यांत लहान आधी."

सुपांग माझ्याकडे सरकली. गाडी कुरकुरली, पण जागची हलली नाही. तिने बाळ माझ्याकडे दिलं, मी पुढच्या सीटवरून लियानकडे, त्याने ब्रेकवरचा पाय न हलवता खिडकीतून बापाच्या हातात. रिबूने नातीला छातीशी धरलं, चिखलाच्या शर्टाला. तिला कड्यापासून लांब, दगडाच्या आडोशाला माझ्या शालीत ठेवून आला. मग सुपांग त्याच खिडकीतून, लियानच्या मांडीवरून. मग मी. माझं वजन काय आहे ते त्या वेळी माझ्या जावयाला नीट कळलं.

"उतर आता," रिबू लियानला म्हणाला.

"मी उतरलो तर ब्रेक कोण धरणार?"

"जुनी तार धरेल."

"जुनी तार झाडाला धरून आहे. चाकांना मी." लियान हलला नाही. "तू विंच बघ, तामा."

बाप मुलाकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि रिळाला हात घातला. घुसलेला वेढा निघेना. लियानने रिमोटने विंच उलटा फिरवायचा आणि रिबूने नि मी दोराला हिसके द्यायचे, असं किती वेळ चाललं. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, एकजण खिडकीत, एकजण बंपरपाशी.

"तुला मिरीतच कळलं होतं ना?"

"हो."

"अंगठा दाबला होतास. मी बघितलं. मला वाटलं तुला आवडला म्हणून दाबलास."

"आवडला होता."

"मग बोलला का नाहीस? वर्कशॉपवाल्याने पोरांकडून भराभर गुंडाळून घेतला. तासाभरात तिथल्याच चर्चच्या पटांगणात आपण नीट केला असता."

"चिंधी बांधली होती."

"चिंधीसाठी?"

रिबूने एक हिसका दिला. दोर सुटला. "तू बांधली होतीस ना," तो म्हणाला.

लियानने डोकं आत घेतलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

आता सगळा दोर पुन्हा ताणाखाली गुंडाळायचा होता, पण तिथे चर्चचा उतार नव्हता. मग मी आणि रिबू असे दोघेच ताण झालो. त्याने मला हातमोजे दिले, दोराच्या टोकाला पट्टा बांधून दिला, आणि आम्ही दोघं मागे रेलून उभे राहिलो. लियान कळ दाबायचा, दोर आम्हाला ओढायचा, आम्ही टाच रोवून एकेक पाऊल द्यायचो. रिबू दर थोड्या वेळाने पुढे जाऊन काठीने वेढे सरकवायचा. "रेला, सिना सुपांग, रेला! मुलीच्या सासरच्यांवर रागावल्यासारख्या रेला."

"तेवढं रेलले तर गाडी वर येईल," मी म्हटलं. हसू आलं, आणि त्याबरोबर इतका वेळ न आलेलं रडूही आलं. दोर सोडता येत नव्हता म्हणून डोळे तसेच राहिले.

त्याने अंगठा दाबून पाहिला. तोंड वाकडं केलं. "पुरेल," म्हणाला. या वेळी त्याने झाडाच्या पट्ट्याला कप्पी लावली, दोर त्यातून परत गाडीकडे आणला, म्हणजे ताण निम्मा पडतो. माझं जाकीट पुन्हा दोरावर गेलं. मला, सुपांगला त्याने वर पाठवलं, दोराच्या रेषेपासून पुष्कळ लांब. विंच हळूहळू फिरायला लागला. लियान चाकं वर वळवून बसला होता, त्याचे ओठ हलत होते. सुपांगने माझा हात इतका दाबला की तारेने कापलेल्या बोटांतून पुन्हा रक्त आलं. पुढचं चाक काठावरून आत आलं. मग, किती वेळाने, मागचं. चिखलाचा ढीग मागे राहिला आणि गाडी रस्त्यावर सरळ उभी राहिली, सगळ्या चाकांवर.

लियान उतरला. त्याने रस्त्यावरच बसकण मारली. रिबू त्याच्याजवळ गेला आणि उभा राहिला. त्याने खिशातली चिंधी काढून मुलाच्या हातात दिली आणि जुनी तार गुंडाळायला गेला.

जेवणाच्या दिवशी सकाळी सगळं लांबघर चर्चच्या उतारावर जमलं. म्हैस कापायची होती, पाहुणे यायचे होते, पण आजोबा होणारा माणूस गाडीच्या नाकाशी उकिडवा बसला होता. निळा दोर वरच्या झाडापर्यंत ताणलेला. आत लियान, ब्रेकवर हलका पाय.

"नातीची वेणी आधी घाला, रिबू," तागुंग ओट्यावरून ओरडला.

"तिला केस येऊ देत."

"आणि चिंधी सुटली म्हणे रस्त्यातच? नाव लागायचं नाही हं."

लियानने खिडकीतून डोकं काढलं. "नीट बसला की परत बांधतो. मग सुटेल."

तसंच केलं. दोर पुरा बसल्यावर बापाने अंगठा दाबला, मुलाने चिंधी बांधली, आणि दुपारी सगळ्यांसमोर रिबूने ती सोडली. चिंधीवर लाल चिखल होता. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नवी नावं जाहीर झाली. सुपांगला, लियानला, मुजानला, मला. रिबूचंही. पण रस्त्यावर त्याला अजून सगळे रिबूच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते आहे.

मुजानचा खिळा अजून रिकामा आहे. सुपांग आणि बाळ परत मिरीला निघाले तेव्हा पुतण्या किल्ली मागायला आला होता. रिबूने त्याला म्हशी सोडायला पाठवलं. "ही फेरी झाली की," तो म्हणाला, आणि त्याने काच खाली केली. तो त्या पेटीत पुन्हा बसला होता आणि त्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण आपल्या नातीला दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन तो वाफ्यात उभा राहू शकला नसता. मीही राहू शकले नसते.

बाळाला सुपांगच्या मांडीवर दिलं. मागच्या सीटपुढे जुन्या तारेचं वेटोळं होतं. त्यावर पाय ठेवून सुपांग बसली. मी गाडीच्या पुढे गेले. सगळे बघत होते. मी वाकून रिळावर अंगठा ठेवला आणि जोर लावून दाबला.

"काय बाई," रिबू आतून म्हणाला, "विश्वास नाही का व्याह्यावर?"

मी दुसऱ्या टोकालाही दाबून पाहिलं. मग बाजूला झाले.